हातचा

सोहार बंदराकडे तोंड करून बसलेलं आमचं केंद्र
खाऱ्याचं गोडं कसं होईल ते शोधतं.
मी तिथली हिशेबनीस. शास्त्रज्ञ नव्हे.
माझ्या टेबलावर पंप नाहीत, पडदे नाहीत,
सत्तावीस वर्षांची बिलं आहेत, दमटपणानं एकमेकांना चिकटलेली.

नव्या संचालिका, डॉ. रय्या अल-मामरी, म्हणाल्या,
"बजेट चौपट झालं.
संशोधन चौपट झालं, की नुसतीच महागाई?
मोजून सांगा. गुरुवारपर्यंत."

मग मी टोपली भरायला घेतली.
अठ्ठ्याण्णव म्हणजे शंभर, हे आधारवर्ष.
टोपलीत घातला शास्त्रज्ञाचा एक महिना,
हेलियमचा एक सिलिंडर,
डझनभर चंचुपात्रं,
आणि ऑगस्टमधल्या एका रात्रीची एसीची वीज,
जी इथे माणसांपेक्षा यंत्रांसाठीच जास्त जळते.

किराण्याचं बरं असतं.
तांदूळ तोच, किलो तोच, भाव तेवढा बदलतो.
पण तेव्हाचं सूक्ष्मदर्शक आणि आजचं
एका ओळीत बसवू कसं?
जुन्याला जे दिसतच नव्हतं
ते नव्याला दिसतं.
मग वाढलेली किंमत कशाची,
यंत्राची की दिसण्याची?
मी किमतीतून नजर वजा केली,
उरलं त्याला महागाई म्हटलं,
आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

बुधवारी आकडा आला. तीनशे बासष्ट.
म्हणजे चौपट पैशांत
जेमतेम दहा टक्के जास्त शोध.
ताळा केला. जुळला.

कुरियाकोस चहा घेऊन आला.
प्रयोगशाळेतला सर्वांत जुना माणूस, जूनमध्ये निवृत्त होणार.
त्यानं माझा तक्ता उभा वाचला, आडवा वाचला,
आणि विचारलं, "फुटलेले कुठे टाकलेत?"
मी म्हटलं, घसाऱ्यात.
तो हसला. असा हसला की मला माझी पदवी आठवली.

मग त्यानं कपाटातून एक वही आणली.
प्रत्येक फसलेल्या पडद्याला एक ओळ:
तारीख, खर्च रियाल-बैसांत,
आणि समासात मल्याळममध्ये दोन शब्द.
सहाशे अकरा ओळी. समासात प्रत्येक वेळी तेच दोन शब्द.
"इंगने अल्ल," त्यानं वाचून दाखवलं.
असं नाही.
असं नाही. असं नाही. असं नाही.

मी बोट ठेवत खाली गेले.
अठ्ठ्याण्णवमध्ये एक "असं नाही" एकेचाळीस रियालला पडायचं,
त्या साली सत्तर वेळा पडलं होतं.
मागच्या साली तीनशे नव्वदला एक,
आणि ओळी फक्त नऊ.

"आता कमी चुकता?" मी विचारलं.
"आता चुकू देत नाहीत," तो म्हणाला.
"आधी सही लागते. सही करणारा विचारतो,
हे नक्की जमेल ना?
नक्की जमणार असेल, मॅडम,
तर करायचं कशाला?"

खिडकीबाहेर बंदरावर दिवे लागत होते.
नळाचं पाणी दर वर्षी लिटरमागे स्वस्त होत गेलं,
तोही तक्ता मीच केलेला.
पाणी स्वस्त होत गेलं आणि पाण्याबद्दल
न कळलेलं काही कबूल करणं महाग होत गेलं.

गुरुवारी मी तीनशे बासष्टच दिला.
रय्याबाईंनी मान डोलावली, सही केली,
पुढच्या फाईलला हात घातला.
वहीचं मी बोलले नाही.
कुठल्या रकान्यात बोलणार होते?

देवरुखच्या शाळेत पित्रे गुरुजी
बेरजेच्या डोक्यावर बारीक अक्षरात हातचा लिहिला
तर छडी मारायचे.
हातचा मनात ठेवायचा असतो, म्हणायचे,
आणि पुढच्या घरात मिळवायला
विसरायचं नसतं.

जूनमध्ये कुरियाकोस गेला.
वही माझ्या खणात आहे.
पुढचं घर अजून आलेलं नाही.